दामूला पाठवलेलं आमंत्रण

मुळगाव, शनिवार, दिवेलागणीला

ऑफिसच्या सर्व्हरवर सगळ्यांची मेल आणि कॅलेंडरं असतात. त्याच्याशी जावा या संगणकभाषेतून बोलणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आज पहिल्यांदा चालवून पाहिली. जोडणी झाली. आता चाचणीचं आमंत्रण कुणाला पाठवायचं? जिवंत माणसाला उगाच त्रास नको, म्हणून आमच्याच ऑफिसातल्या दामूचं खातं निवडलं. तो वैशाखात गेला, पण खातं अजून कुणी बंद केलेलं नाही. विषयात सुचलं ते लिहिलं: 'उद्या घरी जेवायला ये.'

लगेच उत्तर आलं: 'स्वीकारलं.'

शेजारच्या टेबलावरच्या नाईकबाई म्हणाल्या, आलेलं प्रत्येक आमंत्रण आपोआप स्वीकारायची सोय दामूने करून ठेवली होती. आळशीच मेला! मी हसलो. मग ते उत्तर पुन्हा उघडून पाहिलं. 'स्वीकारलं.' नुसता एक शब्द.

घरी आईला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही. "आमंत्रण दिलें मगीर परत घेवचें न्हय," म्हणाली. एकदा बोलावलं की मागे घ्यायचं नसतं म्हणे.

रद्द करायला कोडची एक ओळ पुरे. ती लिहून ठेवली आहे, चालवायचा धीर होत नाही. आणि आत्ताच आईने आतून विचारलं, "दामूक तिसऱ्यांचें सुकें आवडता मरे?"

शिंपल्यांचं सुकं दामूला फार आवडायचं. माझ्या तोंडून आपोआप 'हो' गेलं.