पाठ केलेला दर

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार,

तुमचा गुडघा आणि मामींचा खोकला एव्हाना बरे झाले असतील असं धरून चालतो, कारण विचारायला तीन महिने उशीर झालाय. मी मजेत आहे (म्हणजे जेवतो आहे). मागचं पत्र टायरच्या दुकानातून लिहिलं होतं, हे लाँड्रीतून लिहिणार होतो, पण कालच लाँड्रीने मला हात जोडले.

तिथे हॉटेलांच्या चादरी येतात. एकीवर बुटाचा अख्खा ठसा होता, माणूस बूट घालून झोपला कसा यावर आमचे दोन दिवस गेले, पण ते असो. दाराशी सरकारी फलक आहे: किमान वेतन, दिवसाला पाचशे चाळीस. आम्ही सही तेवढ्यावर करायचो आणि हातात पडायचे साडेतीनशे. इस्त्रीवरच्या मावशी अकरा वर्षं अशीच सही करत होत्या. त्यांनी एकदा विचारलं, किमान म्हणजे रे काय? म्हटलं, याच्या खाली माणसाला देता येत नाही. त्या चादरीची घडी घालत म्हणाल्या, "मग आम्ही कुठे आहोत?" (नववीत हा धडा नव्हता. असेल तर मी त्या दिवशी गेलो नसेन.)

गेल्या आठवड्यात तपासणीचा निरोप आला. मालक घाबरले. साहेबाने विचारलं तर सगळ्यांनी एकच आकडा सांगायचा, म्हणून तो पाठ करून घ्यायचं काम माझ्याकडे, शिकलेला म्हणून. आठ दिवस चादरी वाळत घालताना आम्ही पाचशे चाळीस, पाचशे चाळीस म्हणत होतो. टेम्पोवाल्याने उत्साहात सहाशे सांगितले, तर मालक खेकसले, "अरे, मी काय सरकारपेक्षा जास्त देतो?"

साहेब आले आणि नेमके मावशींसमोर उभे राहिले. दिवसाला किती मिळतात? मावशी म्हणाल्या, "पाचशे चाळीस." मालकांनी श्वास सोडला. साहेब वही मिटणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हे पाठ केलंय साहेब. मिळतं ते पाठ करावं लागत नाही."

साहेबांनी सगळं लिहून घेतलं. निकाल लागेल तेव्हा लागेल. मावशींना मात्र त्याच संध्याकाळी घरी बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी मला, नीट शिकवलं नाही म्हणून.

तुमचा भाचा

ता. क. तुमच्या शिवणखान्यात इस्त्रीला बाई हवी होती ना? मावशींचा हात फार साफ आहे. घरी त्या आणि अंथरुणावरचा नवरा, दोघंच. सोमवारी पाठवू का?

ता. क. २ त्या विचारत होत्या, तुझे मामा किती देतात? मी म्हटलं, सख्खे मामा आहेत, त्यात विचारायचं काय. त्या म्हणाल्या, तरी विचार. तुमच्याकडे दोन वर्षं कामाला होतो, तेव्हा मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारतो. किती देता?