मागची बांधणी

रविवार, ८ मार्च. सकाळी साडेपाचला घरून, स्प्रिंगफील्ड लेक्सहून निघालो, सातच्या आत पाण्यावर पोहोचलो. शर्यतीसाठी क्लबच्या चार होड्यांची जोडणी पट्ट्यांनी बांधली. मी आता शर्यतीत वल्हवत नाही, फक्त होड्या बांधतो. मुलींची टीम पाचशे मीटरला दुसरी आली. वारा नव्हता. तीनला घरी येऊन आमटीभात खाल्ला.

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही माझ्या पदवीदानाला इथे आला होतात, तेव्हाच्या एका सकाळीबद्दल मला लिहायचं आहे. त्या काळी आम्ही एका घरात सात जण राहायचो, सगळे स्टुडंट व्हिसावाले. उरलेले सहा सुट्टीच्या दिवशी झोपायचे आणि मी होडीवर जायचो. घरची आठवण येते म्हणून जातो, हे मी कोणाला सांगितलं नाही. क्लबमध्ये पहिल्या दिवशी विचारलं, कधी होडीत बसला आहेस का? लहानपण तुमच्या मासेमारीच्या होडीत गेलं असूनही मी नाही म्हटलं. मुंबईच्या होस्टेलमध्ये मला मासळीवरून जे ऐकावं लागलं होतं, त्यानंतर मी सगळ्यांना सांगायचो की मी मुंबईचाच आणि माझे वडील धंदा करतात. इथलं वल्हं पात्यापाशी वाकडं असतं, ते मी उलटं धरलं. सगळे हसले. मला बरं वाटलं, कोणाला संशय येणार नव्हता.

त्या सकाळी तुम्ही चपला हातात घेऊन वाळूवर उभे आहात. पुढे सहा जणांची लांब अरुंद होडी, डाव्या अंगाला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला तरंगता ओंडका. तुम्ही बघत राहिलात आणि म्हणालात, "ही तर आपली उलांडीची होडीच रे." इतकं खूश मी तुम्हाला पदवीदानातही पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, हळू बोला. मग तुम्ही खाली वाकलात, मागच्या दांडीवरच्या रबराच्या पट्ट्यांवर अंगठा दाबलात आणि मला जवळ बोलावलंत.

"मागची बांधणी ढिली आसा. तेंका सांग."

आमचा सुकाणूवाला, म्हणजे कॅप्टन, बाजूलाच होता. त्याने विचारलं, तुझे वडील काय म्हणतात, मेट? मी सांगितलं, गुड लक म्हणतात. त्याने तुमचा हात हातात घेऊन हलवला. तुम्हाला वाटलं, तो आभार मानतोय. मग पट्ट्यांना कोणी हात लावत नाही हे बघून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आणि आम्ही होडी उचलून पाण्यात नेली.

पंधराशे मीटरच्या शर्यतीत दोन्ही टोकांच्या झेंड्यांना वळसा घालायचा असतो. आम्ही पहिले होतो. दुसऱ्या वळणावर मागची दांडी सुटली, ओंडका वर आला आणि आम्ही सहाही जण पाण्यात. कोणाला काही लागलं नाही. पण ती बांधणी आमच्यातल्या एका मुलीने केली होती, नर्सिंग शिकणारी, पहिल्यांदाच तिला बांधायला दिलं होतं. कॅप्टन ओरडला नाही. तो एवढंच म्हणाला की होडी बांधणं म्हणजे बाकी पाच जणांचा जीव हातात घेणं, पुढच्या वेळी दुसरं कोणीतरी बांधेल. ती "सॉरी, सॉरी" म्हणत प्रत्येकाकडे गेली. माझ्याकडेही आली. मी "नो वरीज" म्हटलं. पुढच्या महिन्यापासून ती यायची बंद झाली.

गाडीत तुम्ही विचारलंत, "तू तेंका सांगलंस मां?" मी म्हटलं, सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. नंतर म्हणालात, परक्याचं कोण ऐकतं. तुम्ही परत गेल्यावरही फोनवर कधीतरी विचारायचात, आता बांधणी नीट करतात ना? मी म्हणायचो, हो, करतात. शेवटच्या आजारपणातही एकदा विचारलंत. माझ्यावर विश्वास ठेवून विचारत होतात, की मला खरं सांगायची एक संधी देत होतात, ते मला अजून कळत नाही. कळून घ्यायची भीती वाटते.

मी बांधायला लागलो ते त्यानंतर. तुमच्यासारखी बांधणी, दोन उलटे वेढे आणि मध्ये आवळून. आजवर माझी एकही सुटलेली नाही. आज त्या मुलींच्या टीममधल्या एकीने मला बांधताना बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं?

मी म्हटलं, इथेच, क्लबमध्ये.

हे लिहून झाल्यावर बाहेर गेलो. बादलीत गोडं पाणी घेऊन होड्यांवरून सोडून आणलेल्या रबराच्या पट्ट्या धुतल्या, एकेक पुसून दोरीवर वाळत घातली.