सांगितलेलं माप

प्रिय भिंगरी,

हे पत्र मी चिडून लिहितेय, तेव्हा अक्षर लागलं नाही तर माझ्या हाताला नावं ठेवू नकोस. आजची सगळी दुपार एका लहान मुलांच्या दुकानात घालवली आणि रिकाम्या हाताने घरी आले. मी! रेडिमेड कपड्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून जिने उभा जन्म लोकांच्या पँटी आखूड केल्या, कोट सैल केले, गिऱ्हाईक दारातून आत येतानाच जिला त्याच्या कमरेचा घेर कळतो, त्या बाईला एका बाळाची झोपायची पिशवी घेता आली नाही. स्लीपिंग बॅग म्हणतात तिला. पांघरूण नको, दुपटं नको. बाळाला आत घालायचं, चेन ओढायची, हात बाहेर मोकळे. मग ते लाथा मारून पांघरूण तोंडावर ओढून घेईल ही धास्तीच नाही. मला ती कल्पना फार आवडली. थंडी पडायला लागलीय, म्हटलं जाऊन घेऊन येऊ, पाच मिनिटांचं काम. कसलं पाच मिनिटांचं!

तिथली विकणारी मुलगी तुझ्यासारखीच भरभर बोलणारी. तिने विचारलं, बाळ किती महिन्यांचं? मी म्हटलं, असेल दोन-तीन. असेल म्हणजे, ती म्हणाली. मग वजन किती? म्हटलं, बाळाएवढं. ती हसलीसुद्धा नाही. लांबी किती, मुलगा आहे की मुलगी, झोपतं त्या खोलीत तापमान किती असतं? कारण त्या पिशव्यांवर आकडे असतात म्हणे, अर्धा, एक, अडीच. आकडा मोठा तशी ऊब जास्त. खोली गार असेल तर अडीच, उबदार असेल तर एक. अगं, मी पिशवी घ्यायला गेले होते की तोंडी परीक्षेला? एका प्रश्नाचं उत्तर येईल तर शपथ. माझ्या शेजारी एक तरुण बाप उभा होता, त्याला न विचारताच सगळं पाठ. सहा किलो, वीस डिग्री, अमुक सेंटिमीटर. असा राग आला ना मला त्याचा! एवढं कशाला ठाऊक असावं माणसाला?

मग मी माझी अक्कल चालवली. म्हटलं, सगळ्यांत मोठी दे बाई, वाढतं अंग आहे. तुला माहितीये माझी पद्धत. माझ्या लेकाचे शाळेचे शर्ट पहिल्या वर्षी असे असायचे की बाह्यांत हात सापडू नये, आणि दुसऱ्या वर्षी अंगाला नीट बसायला लागले की रंग सापडायचा नाही. तू आणि तो त्या फोटोंवरून किती हसायचात मला. पण ती मुलगी म्हणाली, नाही आजी, ही मापाचीच लागते, गळा मोठा असला तर बाळ आत घसरतं आणि नाकतोंड झाकलं जातं. मी म्हटलं, गळ्याला दोन टाके घालते की, त्यात काय, माझं कामच आहे ते. तर म्हणे, बाळाच्या गळ्याशी घरचे टाके नकोत. आणि बरोबर होतं तिचं, हीच तर पंचाईत. समोरचा चुकीचं बोलला की निदान भांडता तरी येतं.

शेवटी ती कंटाळून म्हणाली, आजी, तुमच्या मुलीला फोन करून वजन विचारून घ्या ना. आता तिला काय सांगत बसू? की ती माझी मुलगी नव्हे, सून होती. माझा लेक गेला, तिचं दुसरं लग्न झालं, आणि आता ती माझी कोण लागते ते मलाच नीट सांगता येत नाही? मी पर्समध्ये फोन शोधल्याचं नाटक केलं आणि म्हटलं, चार्जिंग संपलंय. फोन तेवढ्यात वाजला. घरून तुझे बाबा विचारत होते, भाजी आणतेस की मी आणू. त्या मुलीने दुसरीकडे बघितलं, गुणाची पोर.

आता तुला वाटेल, हिला बाळाचं कळलं तरी कुठून. तू कामाला होतीस त्या चष्म्याच्या दुकानातून कळलं. माझ्या फ्रेमचा स्क्रू निघाला म्हणून गेले होते. तुझे ते जुने मालक, टकलावर चष्मा ठेवून दुकानभर चष्मा शोधणारे, ते स्क्रू पिळता पिळता म्हणाले, काय मग, आमच्या भिंगरीचं बाळ कसं आहे? आणि मी, भिंगरी, मी म्हटलं, छान आहे. कसं म्हटलं कुणास ठाऊक. परक्या माणसाकडून आपल्याला ही बातमी कळतेय हे त्याला दिसू नये एवढंच त्या क्षणी सुचलं. पण एकदा छान आहे म्हटल्यावर पुढे काय विचारणार? मुलगा की मुलगी, कधी झालं, तू कशी आहेस, काही म्हणता काही विचारता येईना. ते म्हणाले, तुमच्यावर गेलं असेल तर शिस्तीचं असेल. बिचारे विसरले असावेत की ते माझ्यावर जाऊ शकत नाही. मी तशीच हसत बाहेर पडले. असं आपल्याच हाताने तोंड बंद करून घेतलेलं माणूस तू पाहिलंयस का कुठे?

रागावले आहे मी तुझ्यावर. स्पष्टच सांगते. फोन करणार होते, पण फोनवर तू काही नको आई, सगळं आहे, असं म्हणून दोन मिनिटांत मोकळी झाली असतीस आणि मी बरं म्हणून ठेवला असता. पत्र मध्येच कापता येत नाही. लेक गेल्यावर तू दोन वर्षं आमच्याजवळ राहिलीस. आईवडील बोलावत होते तरी राहिलीस. मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहायचे तेव्हा तू माझ्या हातातलं भांडं काढून घ्यायचीस आणि काहीबाही बडबडत सुटायचीस, मालकांच्या नकला करायचीस. तुला तरी हसू येत होतं का तेव्हा? आणि दुसऱ्या लग्नाचं तुझ्या मागे कोण लागलं? मीच लागले ना! तू नाही म्हणत होतीस, तरी जावईबापूंना घरी चहाला कोणी बोलावलं? हो, जावईबापूच म्हणते मी त्यांना, मनातल्या मनात. मग माझ्यापासून लपवायचं ते काय?

का सांगितलं नाहीस तेही मला कळतं, मी काही दुधखुळी नाही. तुला वाटलं, आईंच्या मनात येईल, हे आपल्या लेकाचं असतं तर. आलं. खोटं कशाला बोलू? चष्म्याच्या दुकानातून निघाले आणि बसस्टॉपवर बसून राहिले, दोन बस सोडल्या, तेव्हा तेच मनात होतं. रडलेसुद्धा. पण मग घरी आले, भाजी चिरली, आणि भाजी चिरताना मनात आलं ते एवढंच की थंडी आलीय, त्या पोराला पांघरायला काय असेल. मला वाईट वाटेल म्हणून बातमीच द्यायची नाही, हा कुठला न्याय? माझं वाईट वाटणं माझं मी बघेन. तू ते डोक्यावर घेऊन फिरू नकोस, तुझ्या हातात आधीच बाळ आहे.

आणि न सांगण्याचं दुसरं कारण. या लग्नाच्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर मी तुला जवळ घेतलं आणि म्हटलं, सुखात राहा, आता मागे वळून बघू नकोस. माझं मेलं तोंड! माणूस अशा वेळी काहीतरी मोठं बोलायला जातो. इतक्या वर्षांत तू माझं एक तरी ऐकलंस का? ओले केस बांधू नकोस म्हटलं, बांधलेस. उभ्याने जेवू नकोस म्हटलं, जेवलीस. झोपताना चहा घेऊ नकोस म्हटलं, तर मलाही कपभर देऊन गप्प केलंस. आणि नेमकं हे एवढंच ऐकायचं सुचलं तुला? आधी दर आठवड्याला फोन, मग सणावाराला केल्यासारखा कधीतरी, मग तोही बंद. तुझे बाबा म्हणायचे, बरंच आहे, तिचं ती बघते आहे, आपण तिच्या संसारात लुडबूड करायची नाही. समोरच्या वकीलबाई तर म्हणाल्या, कायद्याने तुमचा त्या बाळाशी काही संबंध नाही. मी म्हटलं, कायद्याला थंडी वाजते का?

आज घरी येऊन मी चपला फेकल्या आणि तोंडाचा हा सगळा पट्टा तुझ्या बाबांसमोर सोडला. पिशवी, आकडे, तो सगळं पाठ असणारा बाप, सगळं. ते पेपर वाचत बसले होते. वाचत कसले, पान उलटत नव्हते. माझं संपल्यावर म्हणाले, तो आकडा खोलीच्या तापमानावर असतो ना? आणि उठून माळ्यावरून हत्यारांची पेटी काढली. एसी दुरुस्त करायचं सोडल्यापासून ती पेटी उघडली नव्हती त्यांनी. आतून थर्मामीटर काढला, काच पुसली, भिंतीवरच्या थर्मामीटरशेजारी लावून ठेवला आणि समोर खुर्ची टाकून बसले. मग म्हणाले, हा अर्धा डिग्री जास्त दाखवतो, ते वजा करायला तिला सांग. खिडकीजवळ लावायचा नाही, उन्हाच्या भिंतीवर लावायचा नाही, बाळ झोपतं त्या उंचीला लावायचा. मी म्हटलं, लुडबूड नको होती ना करायची? ते पुन्हा काच पुसायला लागले. थोड्या वेळाने विचारलं, मुलगा आहे की मुलगी? म्हटलं, मला काय माहीत! तर म्हणाले, मग विचार ना.

म्हणून विचारते. पण पत्र नुसतं त्यासाठी नाही. मघाशी तुला पूर्ण खरं सांगितलं नाही मी. वजनावाचून अडलं नव्हतं. त्या मुलीनेच तोडगा काढला होता, की ही घेऊन जा, माप चुकलं तर बाळाच्या आई येऊन बदलून घेतील. मी बरं म्हटलं होतं, पिशवी निवडलीही होती, फिकट पिवळी, मुलगा-मुलगी दोन्हीला चालेल अशी. तिने कागदात गुंडाळली आणि वर चिकटवायचं कार्ड पुढे केलं. त्यावर छापलं होतं, कोणाकडून, आणि पुढे रिकामी जागा. ती म्हणाली, आजी असं लिहा ना. आणि माझा हात चालेना गं. तुला विचारल्याशिवाय तिथे तो शब्द कसा लिहू? मग मी वजनाचं निमित्त सांगून पिशवी काउंटरवर सोडून निघून आले. आता तूच सांग, काय लिहू. त्याला दोन आज्या आहेत हे मला ठाऊक आहे, तिसरी झेपणार असेल तरच हो म्हण. नाही म्हणालीस तरी पिशवी येईल, ती अंदाजाने घेईन, कार्ड कोरं ठेवीन आणि तुला पुन्हा त्रास देणार नाही. पण हो म्हणालीस, तर वजन, लांबी काही कळवत बसू नकोस. सांगितलेल्या मापावर मी जन्मात कधी कात्री चालवली नाही, टेप स्वतः लावल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. तुझे बाबाही म्हणतात, थर्मामीटर टपालात फुटेल, भिंतीला मीच लावून देतो. तेव्हा पायऱ्यांवर बोलले ते मी परत घेतलं. आम्ही कधी येऊ, तेवढंच कळव.

तुझीच,
जिला तू आई म्हणायचीस ती