माईचा उजवा हात

कर्जत
१४ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यास,
अपेक्षाचा सा. न. वि. वि.

आम्ही सगळे मजेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. मी मजेत नाही. फोनवर बोलले असते, पण आमच्या एका खोलीत आईला सगळं ऐकू जातं आणि तुझ्या कॉन्व्हेंटमधला फोन दुसऱ्याच सिस्टर उचलतात. म्हणून पत्र. वाचून फाडून टाक.

ऑक्टोबरात आपली माई घरोघर जाते, तशी यंदाही निघाली. मारियामातेची तीच निळ्या झग्यातली मूर्ती. एका घरी एक रात्र ठेवायची, रोझरी म्हणायची, दुसऱ्या दिवशी शालीत गुंडाळून पुढच्या घरी पोचवायची. एक तारखेला ती आमच्याकडे होती. टीव्हीशेजारी ठेवून मेणबत्ती लावली आणि आई फुलं आणायला गेली. तेवढ्यात खिडकीतून सई येताना दिसली. ती माझ्या वर्गातली. वर्गात आपल्या ख्रिस्ती लोकांतली मी एकटीच. सई वाईट नाही, फक्त प्रश्न फार विचारते. मला एकदम लाज वाटली. कशाची, ते आजही सांगता येत नाही. मी माईला उचलून कपाटात साड्यांमध्ये कोंबलं आणि दार जोरात दाबून लावलं. सईने विचारलं, मेणबत्ती कशाला. मी म्हटलं, लाइट गेलीय. आत्या, डोक्यावर पंखा फिरत होता.

ती गेल्यावर कपाट उघडलं तर माईचा उजवा हात मनगटातून तुटलेला. प्रोजेक्टच्या डिंकाने मी तो चिकटवला आणि कोणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पप्पांबरोबर माईला पळसदरीला नेलं, पारूमावशीकडे. ती तिथल्या बंगल्यांमध्ये बागकाम करते. माझ्याकडे पण माई येऊ दे म्हणून तीन वर्षं मागे लागली होती, यंदा पहिल्यांदा तिचं नाव यादीत आलं. घराला नवा रंग दिला होता तिने. स्वतः लावलेल्या झेंडूचा हार माईच्या गळ्यात घातला आणि तो हात निखळून तिच्याच तळव्यात आला. माज्या हातानं मोडली गं माई, एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. पप्पा म्हणाले, जुनी मूर्ती आहे, होतं असं. मी फरशी बघत बसले.

त्यानंतर दोन रविवार ती चर्चमध्ये मिस्साला आलेली नाही. मला तर आता जेवतानासुद्धा तिचा चेहरा दिसतो. दोन नोव्हेंबरला माझं पहिलं कन्फेशन आहे. फादरना सांगितलं की सुटेन ना गं मी?

लोभ आहेच, हे वाचून तो कमी होऊ नये एवढी विनंती.

तुझी
अपेक्षा

—

नाशिक
२१ ऑक्टोबर २०२४

चि. अपेक्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलेलं नाही. माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, तिथे कोणी डोकावत नाही. पंख्याचं वाचून मला हसू आलं आणि मग माझं मलाच आठवलं. नर्सिंगला होते तेव्हा गळ्यातला क्रूस मी कॉलरच्या आत ठेवायचे. मला कोणी काही म्हणत नव्हतं, तरी ठेवायचे. त्याची लाज मला अजून वाटते, आणि मी आता सिस्टर आहे.

फादर तुला क्षमेचे शब्द देतील, त्याची काळजी करू नकोस. पण कन्फेशनमधलं त्यांना बाहेर बोलता येत नाही, पारूजवळसुद्धा नाही. म्हणजे तू सुटशील आणि ती तशीच राहील. बाळा, तुझं पत्र फार छान आहे, पण ते नाशिकला यायला नको होतं. पळसदरी जवळ आहे.

चोवीस नोव्हेंबरला तुझ्या पहिल्या कम्युनियनला मी येतेय. पांढऱ्या फ्रॉकवर डिंकाचे डाग नकोत.

लोभात तसूभरही फरक न पडलेली,
आत्या

—

कर्जत
१ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दोन दिवस तुझा रागच आला होता. मग पप्पांना सांगितलं. त्यांनी लगेच गाडी काढली.

पारूमावशी झेंडूला पाणी घालत होती. मी सगळं सांगितलं, कपाट, डिंक, सगळं. तिने विचारलं, मंजी माज्या हातानं नाय मोडली? मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग ती स्वतःचे दोन्ही तळवे बघत बसली. त्या दिवसापासून घरातली मेणबत्ती ती शेजारणीकडून लावून घेत होती म्हणे, आपला हात नको म्हणून. रागावली असती तर बरं झालं असतं.

आत जाऊन तिने पावडरचा डबा आणला. त्यात कापसात ठेवलेला माईचा हात होता. पप्पांकडून हे कळल्यावर फादरनी महिन्याच्या शेवटच्या दिवशी माईला पुन्हा तिच्याकडे पाठवायचं ठरवलं, तेव्हा तिने एकच मागितलं. पोरीनं आणावी, आन् शाल नको, कपाटात लय कोंडली तिला.

काल नेली. रिक्षास्टँडला जायचं तर सईच्या दारावरूनच जावं लागतं, आणि दिवाळीची रांगोळी काढत ती बाहेरच बसलेली. खोटं कशाला लिहू, मागे वळावंसं वाटलं. तिने विचारलं, ही कोण? मी म्हटलं, आमची माई. तिने खाली वाकून नीट पाहिलं आणि विचारलं, हिचा हात कुठे गेला?

मी म्हटलं, मी मोडला.

उद्या कन्फेशन. लोभ वाढव असं म्हणायचं तोंड नाही, आहे तेवढा राहू दे.

तुझी
अपेक्षा