बियाचं दोडकं

सिंदी मेघे, वर्धा
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मयुरीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, सांभाळून घे. गजेंद्रचं पेन धड नाही. फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. चार ओळी झाल्या की थकते.

इकडे ठीक. ह्यांचा, तुझ्या मामाजींचा, उजवा हात अजून तसाच, भरवावं लागतं. परसात मेथी उगवली. सांबारासाठी धने पेरले ते कोंबड्यांनी उकरले. वांग्यांना दोन बादल्या पाणी घातलं की मी कंबर धरून बसते. तू होतीस तेव्हा पाइप कोण ओढतं, हे माझ्या लक्षातही येत नव्हतं.

मयुरी, लिहायचं वेगळंच आहे. उगाच वांगी-मेथी करत बसले.

पोळ्यानंतर बियाचं दोडकं तुटलं, ते. कोणी तोडू नये म्हणून मी त्याला लाल चिंधी बांधली होती. माझ्या आईनं पवनारहून लग्नात ओटीत दिलेलं बी ते. चाळीस वर्षं दरसाल एक दोडकं वेलावरच वाळवून मी ते जपलं. त्या दिवशी शेजारणींसमोर मी तुला म्हटलं, "डोळे फुटले का तुहे? एवढी लाल चिंधी दिसली नाई?" तू एवढंच म्हणालीस, "आई, मी नाई तोडलं." तर गजेंद्र ओरडला, "आईले खोटं पाडून राह्यली का?" दुसऱ्या सकाळी तू माहेरी जायला आर्वीची बस धरलीस.

ते दोडकं मीच तोडलं होतं. सकाळी भाजीसाठी पानांत हात घातला, चिंधी दिसलीच नाही. चिरायला घेतलं तेव्हा कळलं. आत बी अजून पांढरंच. गुपचूप गाईला टाकलं. डोळे चालले आहेत म्हटलं असतं, तर गजेंद्रनं मला गॅसजवळ उभं राहू दिलं नसतं. म्हातारपणी एवढंच तर हातात उरलंय. म्हणून तुझ्यावर ढकललं. मला माझीच लाज वाटते गं.

परवा वाळलेला वेल ओढत होते, तर न्हाणीच्या टिनावर काहीतरी खुळखुळलं. गजेंद्रला चढवलं. वाळलेलं दोडकं निघालं, देठाला कापडाची गाठ. बोटांना टिकल्या लागल्या. तुझ्या पिवळ्या ओढणीच्या. माझा हात पोचणार नाही अशा जागी तू एक राखलं होतंस. म्हणजे माझे डोळे तुला माहीत होते. आणि माझ्या तोंडून तसलं ऐकूनही तू चारचौघांत माझी झाकली मूठ उघडली नाहीस.

काल गजेंद्रला सगळं सांगितलं. ते दोडकं हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "आई, आता मी तिले कोणतं तोंड दाखवू?" म्हटलं, "आहे तेच घेऊन जा." हे पत्र तोच आणतोय. सोबत ते दोडकंही आहे. मी फोडलेलं नाही. बी तुझं आहे. इकडे यावंसं वाटलं तर इकडे लाव, नाहीतर तुझ्या आईच्या परसात लाव. कामासाठी बोलावते असं समजू नकोस. शेजारणींना मी स्वतः सांगणार आहे, तू आलीस तरी, नाही आलीस तरी.

तुझी अपराधी,
मंदाबाई

ता. क. पेन चांगलंच आहे.