आरशात बरोबर असलेलं बटण

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (तूर्त मनातल्या मनात. कंबर धरली आहे. कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे काय म्हणतात? तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, तुमच्याकडे येऊन आज अकरावा दिवस. मी मजेत आहे. सकाळी सवयीने दोन कप चहा होतो, दोन्ही मीच पितो, दुसरा गार झालेला असतो, एवढंच.

पत्रास कारण माझ्या निळ्या कोटाचं मधलं बटण. शनिवारी कचेरीत माझा सत्कार आहे. पंचवीस वर्षं नकाशे काढले आणि एक रेघ चुकली नाही, म्हणून. कोट हवाच, आणि बटण जागेवर नाही. दुसरा कोणी शिंप्याकडे पळाला असता. पण नळ बसवायला, चष्म्याची दांडी जोडायला, रेडिओ उघडायला मी कधी कुणाकडे शिकायला गेलो नाही (रेडिओ तेव्हापासून बंद आहे, पण तो लहरींचा दोष), मग बटणानेच काय घोडं मारलं होतं?

हे बटण साधं नव्हे. त्याला भोकं नसतात, पाठीला कडी असते. आधी ते गडगडत कपाटाखाली गेलं. ते काढायला वाकलो, ती कंबर अजून सरळ व्हायची आहे. (तिथे हिची एक केसांची पिन सापडली. जपून ठेवली आहे. तसं काही नाही, धातूची वस्तू आहे.) मग कोट अंगात घालून आरशासमोर उभा राहिलो. पुरुषाच्या कोटाला बटण उजवीकडे, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून आरशातल्या माणसाच्या उजवीकडे, पट्टीने अर्ध्या मिलिमीटरपर्यंत मोजून, खडूने फुली मारली. तिथे एक चीर होती. म्हटलं बटण गेलं तेव्हा फाटलं असेल, तीही शिवून टाकली. सुईत दोरा ओवायला पाऊण तास. बटणाखाली आगपेटीची काडी धरून चौदा टाके, काडी काढून दोऱ्याला सहा वेढे. इतकं पक्कं, की ओढलं तर कोट येईल, बटण येणार नाही.

आणि कोट बंद होईना.

खाली शिंप्याचं दुकान आहे. सहज दाखवायला गेलो (विचारायला नव्हे). त्याने कोट उलटा केला, सुलटा केला, चष्मा कपाळावर चढवला.

"साहेब, कडीच्या बटणाला काडी कशाला? त्याला मान जन्मतःच असते. आता बघा, मुंडी टाकल्यासारखं लोंबतंय."

"बरं. आणखी काही?"

"काज बुजवलंत. बटण काजावरच शिवलंय."

मी म्हटलं, आरशात बघा, बरोबर दिसेल. त्याने खरंच आरशात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी अजून आल्या नाहीत वाटतं? द्या, दोन मिनिटांत लावून देतो."

मी कोट घेऊन वर आलो.

घरी सर्वांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक
(हा शब्द हिला वाचून दाखवू नये. हसेल.)

ता. क. बटण गळून पडलं नव्हतं. ते हिनेच लावलं होतं. मोजलं तर तीन मिलिमीटर खाली भरलं, म्हणून मी तिच्यादेखत कात्रीने कापलं. "तुम्हाला बायको नको, पट्टी हवी," म्हणाली आणि बॅग भरायला घेतली. बॅग नीट भरली नव्हती, म्हणून मी सगळी काढून पुन्हा भरून दिली. तेवढं केलं नसतं तर बरं झालं असतं.

ता. क. २. कोट सोबत पाठवतो आहे. सत्काराला जोडीने बोलावलंय, दोन खुर्च्या मांडणार आहेत. बटण तिने हवं तिथे लावावं. तीन मिलिमीटर खाली, तीस मिलिमीटर खाली. मात्र कोट पार्सलने परत नको. ती घेऊन आली तरच.

ता. क. ३. माझी स्टीलची पट्टी कोटाच्या आतल्या खिशात आहे. ती तुमच्याकडेच राहू द्या. (शून्याकडचा कोपरा किंचित झिजला आहे. कुणी काही मोजलंच, तर एकपासून मोजावं.)