स्वरदाची पन्नास वाक्यं

४ नोव्हेंबर
स्वरदा सव्वातीन वर्षांची झाली. पुण्यात असताना थोडंफार बोलायची. मी प्रत्येक शब्द टिपायचो, चुकला तर लगेच दुरुस्त करून घ्यायचो. रायपूरला आल्यापासून सात महिने जवळपास गप्प. आज इथल्या बूढापारा भागात स्पीच थेरपिस्ट पद्मिनी मॅडमकडे गेलो. त्या इथल्याच, घराणं नागपूरकडचं. म्हणाल्या, मुलीचं रोजचं बोलणं रेकॉर्ड करून आणा, पन्नासेक वाक्यं. दोष आहे की नाही ते त्यावरून कळेल. शिकवू नका, फक्त बोलू द्या. म्हटलं, आठवड्यात देतो. डेटा कलेक्शन हा माझा हातखंडा.
भीती वाटते. बायकोला, मंजिरीला, तसं सांगितलेलं नाही.

५ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
एक्सेल शीट तयार. चौदा कॉलम. संकल्प: रोज वीस मिनिटं रेकॉर्डिंग, मी कमीत कमी बोलणार.

सायं. ७.३०
आज राहिलं. रेकॉर्डिंग म्हणजे काय हे तिला समजावण्यात वीस मिनिटं गेली.

७ नोव्हेंबर
यश! चित्रांचं पुस्तक उघडलं. हा बघ हत्ती, म्हटलं. ती म्हणाली, "हवं." चक्क मराठी! ट्रॅक्टर, बादली, झाडू, सगळ्यालाच "हवं". फक्त लिंग चुकतं. हत्ती हवा, बादली हवी. शेरा: व्याकरणदोष, अकरा वेळा.

९ नोव्हेंबर
मागितलेलं दिलं की मूल आणखी बोलतं, असं कुठेतरी वाचलंय. गोल बाजारातून प्लॅस्टिकचा हत्ती, ट्रॅक्टर, बादली, झाडू आणले. पोरीने ढुंकून पाहिलं नाही. बादली कलावतीदीदीने पोछ्याला घेतली. आम्ही दोघं ऑफिसात असतो, स्वरदाला दिवसभर तीच सांभाळते. मंजिरी म्हणाली, त्या दोघींची काहीतरी कुजबुज चालते. मंजिरीचा या विषयात अभ्यास नाही.

१२ नोव्हेंबर
पन्नास पूर्ण! पन्नासच्या पन्नास "हवं" आहेत. पण अट आकड्याची होती.

१४ नोव्हेंबर
मॅडमनी ऐकलं. म्हणाल्या, "भाऊ, हे 'हवं' नाही, 'हव' आहे. छत्तीसगढीत 'हो'. तुम्ही हत्ती दाखवून राहिले, पोट्टी हो म्हणून राहिली." व्याकरणदोष खोडले.
मग त्यांनी माझी वाक्यं मोजली. चारशे बारा. त्यातली काही माइक टेस्टिंगची होती, ती धरू नयेत असं सुचवलं. मान्य झालं नाही. आता जुना फोन घरी ठेवायचा, रेकॉर्डिंग कलावतीदीदीने करायचं, आणि मी ऑफिसला जायचं.

१५ नोव्हेंबर
गेलो. अकरा वाजता त्याच फोनवर कॉल करून रेकॉर्डिंग नीट चाललंय का विचारलं. त्यामुळे ते बंद पडलं.

१८ नोव्हेंबर, रात्री १०
आज जमलं. मॅडमकडे बसून ऐकलं. माझी मुलगी सतरा मिनिटं अखंड बोलते. भांडते, गोष्ट सांगते, दीदीला दटावते. सगळं छत्तीसगढीत. मॅडम म्हणाल्या, दोषबिष काही नाही, पोट्टी एकदम फर्स्ट क्लास आहे. मला रडू आलं. सर्दी झालीय म्हणून सांगितलं.
शेवटी दीदी काहीतरी विचारते, स्वरदा हळूच उत्तर देते, आणि दोघी हसतात. अर्थ विचारला तर मॅडम म्हणाल्या, घरीच विचारा. घरी येऊन कलावतीदीदीला विचारलं. तिने आधी तोंडाला पदर लावला, मग सांगितलं. तिचा प्रश्न होता, "बाबा संग काबर नइ गोठियावस?" म्हणजे, बाबाशी का बोलत नाहीस?
आणि उत्तर, "ओहा लिख डारथे."
तो लिहून टाकतो.
हे लिहायचं नाही, असं जेवताना ठरवलं होतं.